सोवळ्यातले टॉवेल

"या घरात माणसांच्या कपड्यांना कधी मेला एवढा मान मिळाला नाही," काकू वॉशिंग मशीनला सांगत होत्या. "गार पाणी हवं, साबण बेताचा हवा, शेजारी दुसरं कापड नको. माझ्या लग्नातल्या साडीचे एवढे लाड झाले नाहीत. माझे तर नाहीच नाही."

मशीन काही बोललं नाही. काकाही बोलले नाहीत, कारण ते तिथे नाहीत अशी काकूंची समजूत होती. प्रत्यक्षात काका बाल्कनीतच, वाळत घातलेल्या चादरीच्या पलीकडे उकिडवे बसून टॉवेलाच्या कडेचा धागा भिंगातून तपासत होते. मध्ये एका चादरीचं अंतर. आता 'अहो, मी इथेच आहे' म्हणावं, तर ऐकल्याचं कबूल करावं लागणार, आणि ऐकल्याचं कबूल केलं की उत्तर द्यावं लागणार. एकतीस वर्षं कचेरीत अर्ज तपासलेल्या माणसाला एवढं पक्कं ठाऊक असतं की जी तक्रार आपल्या टेबलावर आली नाही, ती झालीच नाही. काका उकिडवेच राहिले. काकू आत गेल्या तोवर दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, पण प्रतिष्ठेला धक्का लागला नव्हता.

हे टॉवेल म्हणजे अंग पुसायचे टॉवेल नव्हेत, हे आधी सांगायला हवं. काकूंनी एकदा त्यांना 'फडकी' म्हटलं होतं, तर काका दोन दिवस तुटक बोलत होते. ते मायक्रोफायबरचे, खास गाडी पुसायचे टॉवेल. एकूण बारा. सहा पिवळे गाडीच्या रंगासाठी, तीन निळे काचांसाठी, तीन करडे चाकांसाठी. पिवळ्यानं चाक पुसायचं नाही आणि करड्यानं काचेकडे बघायचंसुद्धा नाही. सुती कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, कापसाचे कण त्यांच्या तंतूंत अडकतात. गरम पाणी नाही, कपडे मऊ करायचं औषध नाही, कडक ऊन नाही, इस्त्री तर स्वप्नातही नाही. आणि टॉवेल एकदा जमिनीवर पडला की संपला, कारण वाळूचा एक कण त्यात शिरला तरी पुढच्या वेळी गाडीवर रेघ उमटते. दुकानदारानं हे सगळं सांगितलं, काकांनी वहीत उतरवलं, सुवाच्य अक्षरात नक्कल केली आणि ती मशीनच्या झाकणावर डकवली. खाली सहीसुद्धा केली. सवय.

गाडी लहानशी होती, लाल. काका निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात आली. परवाना काकांकडे होता. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही ब्रेक असतो आणि मास्तर तो दाबतात, हे काकांच्या लक्षातच आलं नव्हतं. एकवीस दिवस गाडी ज्या अदबीनं थांबत होती, ते आपल्याच पायाचं कसब, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. नवी गाडी घेऊन ते पहिल्यांदा फाटकाकडे निघाले तेव्हा ब्रेक वेळेवर लागेल याची त्यांना पूर्ण खात्री होती. लागला नाही. फाटकाजवळची मोठी कुंडी गेली आणि गाडीवर बोटभर ओरखडा आला.

खरं कारण कुणी उच्चारलं नाही. इमारतीचे सेक्रेटरी धावत आले, मातीच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "कुंडी जरा पुढेच होती म्हणा." काकू म्हणाल्या, "त्या झाडाला तसंही फूल येत नव्हतं." गाडी सेक्रेटरींनीच मागे घेऊन जागेवर लावली आणि किल्ली काकांच्या हातात अशी ठेवली, जणू जमिनीवर पडलेली सापडली.

त्या दिवसापासून काकांनी गाडीची निगा हाती घेतली. चार महिन्यांत गाडी अठ्ठावीस वेळा धुतली गेली आणि एकदाही फाटकाबाहेर गेली नाही. दर शनिवारी ते आत बसून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत, बॅटरीसाठी. तेवढ्या वेळात समोरची काच आतून पुसत. बघणाऱ्याला वाटावं, हात हलवून कुणाला निरोपच देताहेत.

हे असंच सुखानं चाललं असतं. पण मुलीला सातवा महिना लागला तेव्हा व्याह्यांच्या घरी, भरल्या पोटी, चार माणसांत काका बोलून गेले, "माझं नातवंड दवाखान्यातून घरी येईल ते माझ्याच गाडीतून." व्याही म्हणाले, वा. जावई म्हणाला, वा. काकूंनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

मग तारीख जवळ येऊ लागली, आणि तसतसं टॉवेलांचं काम वाढू लागलं.

पहिला घोळ काकूंच्या हातून झाला. त्यांनी बाराही टॉवेल पांढऱ्या सुती पंच्यांबरोबर मशीनमध्ये टाकले. बाहेर आले तेव्हा पिवळ्या टॉवेलांवर कापसाचं पीक आलं होतं. काका खिडकीशी भुवया उपटायचा चिमटा घेऊन बसले. पूर्ण दुपारभर एकेक कण उपटून बशीत ठेवत होते. "बशीत कशाला?" काकूंनी विचारलं. काकांनी बशी जरा जवळ ओढली. इतक्या मेहनतीनं काढलेली वस्तू माणूस एकदम फेकून देत नाही.

ही बातमी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंपर्यंत गेली. या बाईंना माहीत नाही असा विषय अजून निघायचा होता. "अहो काका, टॉवेल खरखरीत झाले असतील तर ते निळं औषध घाला ना, कपडे मऊ करायचं! माझ्या पडद्यांना हात लावून बघा, नुसतं लोणी." काकांनी नकलेकडे बोट दाखवलं. बाईंनी ती चष्मा वर करून वाचली. "हे दुकानदार असंच सांगतात, त्यांना दुसरे टॉवेल खपवायचे असतात," म्हणून त्या गेल्या, आणि संध्याकाळी काका भाजी आणायला गेले असताना येऊन झाकणभर औषध स्वतःच्या हातानं मशीनमध्ये घालून गेल्या. शेजारधर्म हा असा असतो, तुम्ही घरी असायलाच हवं असं नाही.

टॉवेल मऊ झाले. इतके मऊ की काकांनी गालाला लावून बघितले. पण दुसऱ्या दिवशी गाडी पुसायला घेतली तर टॉवेल पाणी टिपेनाच. तो पाणी नुसतं सरकवत होता. बॉनेटवरचं पाणी दाराकडे, दारावरचं डिकीकडे. काकांना कचेरीची आठवण झाली. तिथेही प्रकरण कधी मिटत नसे, फक्त त्याची बदली होत असे.

दुकानदार म्हणाला, "औषधानं तंतू बुजले. पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा." किती व्हिनेगर, हे त्यानं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. काकांच्या मते कमी पडण्यापेक्षा जास्त बरं. चार बाटल्या गेल्या. आंबट वास जिन्यानं खाली उतरला, लिफ्टनं वर गेला. तळमजल्यावरच्यांना वाटलं गॅस गळतोय. चौथ्या मजल्यावरच्यांनी सगळ्या खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढलं. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले.

हे सेक्रेटरी पूर्वी शहराच्या बसचे चालक होते. तीस वर्षं बस चालवली, निवृत्तीनंतर इमारत चालवायला घेतली. थांबे ठरलेले, वेळ ठरलेली, मध्येच कुणाला चढू द्यायचं नाही.

"काका, हे काय चाललंय?"

"टॉवेल भिजवलेत."

"आम्ही बस फाटक्या पोत्यानं पुसायचो. बस कधी रडली नाही."

"तुमची बस सरकारी होती," काका म्हणाले. यापेक्षा जास्त अपमान त्यांना करता येत नसे.

आता वासाचे टॉवेल बाल्कनीत वाळवायला काकूंनी साफ नकार दिला. उरली गच्ची. गच्चीच्या वापरासाठी अर्ज लागतो, असं सेक्रेटरी म्हणाले. काका मनातून खूश झाले. अर्ज! आपलंच मैदान. त्यांनी विषय लिहिला, 'वाहनाच्या निगेसाठी लागणारे टॉवेल गच्चीवर सावलीत वाळत घालण्याची परवानगी मिळणेबाबत'. अर्ज परत आला. शेरा होता, 'टॉवेल हे कपड्यांत मोडतात की वाहनाच्या सामानात, याचा खुलासा करावा. कपडे असल्यास मंगळवारी आपली पाळी. सामान असल्यास गच्चीवर मनाई.' काकांनी दोन पानी खुलासा दिला, वापरानं सामान परंतु स्वरूपानं कपडा. तोही परत आला. शेरा होता, 'प्रत जोडलेली नाही.'

काका खुर्चीत बसून राहिले. प्रत जोडलेली नाही! हे तीन शब्द त्यांनी एकतीस वर्षं जगाकडे फेकले होते. लोक काउंटरवरून कसे वळायचे, खांदे कसे पडायचे, ते त्यांनी पाहिलं होतं. पण ते शब्द समोरून येताना कसे दिसतात, हे आज पहिल्यांदा कळलं.

"अगं," ते काकूंना म्हणाले, "मी फार लोकांना परत पाठवलंय."

"पाठवलंय खरं," काकू म्हणाल्या. "आता प्रत काढून आणा."

परवानगी मिळाली. गच्चीवर दोर बांधला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत टॉवेल झुलू लागले, आणि वारा आला. पिवळा क्रमांक चार उडाला, कठड्यावर क्षणभर विचार करत थांबला आणि खाली रस्त्याच्या धुळीत जाऊन पडला. काका पाच मजले उतरून गेले, त्याला दोन बोटांत धरून वर आणलं आणि कात्रीनं त्याचा कोपरा कापला.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"जमिनीवर पडला. आजपासून चाकांकडे."

"मी मागच्या वर्षी न्हाणीघरात पडले होते," काकू म्हणाल्या. "मला कुठल्या खात्यात टाकलंत तेवढं सांगा."

काका हसले, मग काकूही हसल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. जावयाचा होता. मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप.

दोघं टॅक्सीनं गेले. "टॉवेल ओले आहेत ना अजून," काका जिन्यात म्हणाले. "हो ना, ओलेच आहेत," काकूंनी चटकन दुजोरा दिला. दवाखान्यात मुलगी दमलेली, पण चेहरा असा की आत दिवा लावलाय. बाळ काकांच्या तळहातापासून कोपरापर्यंत मावलं. काकांनी त्याच्याकडे, म्हणजे तिच्याकडे, इतका वेळ बघितलं की नर्सनं दोनदा घसा खाकरला.

"रविवारी अकराला सोडतील, बाबा," मुलगी म्हणाली. "गाडी आणाल? जमलं तर हं."

"जमलं तर काय? आणणारच."

मुलीनं आईकडे बघितलं. आईनं पाळण्याच्या चादरीची नसलेली सुरकुती काढली.

शनिवारी काकूंनी लाँड्रीवाल्यासाठी चादरींची टोपली दाराशी ठेवली. शेजारी टॉवेलांची टोपली होती, घड्या घालायला काढलेली. लाँड्रीवाला दोन्ही घेऊन गेला. संध्याकाळी आला तो तोंडभर हसत. "काका, आजोबा झालात! चादरींचे पैसे द्या, पण हे माझ्याकडून. कडक इस्त्री मारली आहे. एकेकाला दोन-दोनदा."

टॉवेलांची चळत काकांच्या हातात आली. मायक्रोफायबर उष्णतेनं वितळतं. वरचा टॉवेल पुठ्ठ्यासारखा ताठ होता आणि चकाकत होता. त्याच्याखालच्यावर इस्त्रीचा पूर्ण तळ उमटला होता, टोकासकट. काकांनी टिचकी मारली, टक् असा आवाज आला. त्यांनी वर बघितलं. लाँड्रीवाला शाबासकीची वाट बघत उभा होता. असल्या चेहऱ्यावर ओरडायला फार मोठं काळीज लागतं.

"वा," काका म्हणाले. "घड्या छान बसल्यात."

दार लावून ते आत आले, चळत टेबलावर ठेवली आणि डोकं धरून बसले. आता आपल्याला भयंकर वाईट वाटणार, म्हणून थांबले. वाईट काही वाटेना. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं. लहानपणी गणिताच्या परीक्षेच्या सकाळी शाळा बंद असल्याचं कळावं, अगदी तस्सं. काका आपल्यालाच घाबरले.

"अगं, सगळे टॉवेल गेले," ते जमेल तेवढ्या दुःखानं म्हणाले. "आता चार दिवसांची धूळ बसलेली गाडी कशी न्यायची? पहिलं नातवंड."

"छे, नाहीच नेता येणार," काकू म्हणाल्या. जरा जास्तच लवकर म्हणाल्या. मग दोघांची नजरानजर झाली. काकांनी पंख्याकडे बघितलं, काकूंनी कॅलेंडरकडे.

रविवारी सकाळी दहाला टॅक्सी बोलवायची म्हणून दोघं खाली उतरले, आणि काकांचे पाय पायरीवरच थिजले. गाडी चमकत होती. तिच्यात फाटक दिसत होतं, आभाळ दिसत होतं, आणि तोंड उघडं टाकलेले काकाही दिसत होते. आजूबाजूला लाँड्रीवाला, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आणि सेक्रेटरी उभे होते. प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक कोरा पिवळा टॉवेल.

"मला बाईंनी सांगितलं, मी काय करून बसलो ते," लाँड्रीवाला म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. "कालच दुकान गाठलं, काका. बारा नवे आणले. गार पाण्यात धुतले. एकटे. माझ्या दुकानात पंख्याखाली वाळवले. इस्त्रीची तार काढून ठेवली होती, हात जायला नको म्हणून."

"मी औषध घातलं नाही," बाई म्हणाल्या. "मनात आलं होतं."

"गच्ची मीच उघडून देणार होतो," सेक्रेटरी म्हणाले. "अर्जाशिवाय. तातडीची बाब म्हणून."

कुणी आपल्यासाठी एवढं केलं की माणसानं आनंदानं रडावं. काकांना रडू आलं खरं, पण त्यात आनंद किती आणि धास्ती किती, हे त्यांनाच सांगता आलं नसतं. गाडी न काढण्याचं शेवटचं कारण या भल्या माणसांनी चोळून, पुसून, लख्ख करून टाकलं होतं.

काकू बाळाची दुलई छातीशी धरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांनी डोळे मिटले. काका पुढे बसले. किल्ली लावली. इंजिन शनिवारच्या सवयीनं लगेच सुरू झालं.

"हवा जरा कमी वाटते हो चाकात," सेक्रेटरी चाकाशी वाकून म्हणाले. चाक टणक होतं.

"आज रस्त्याला गर्दी पण फार असणार," बाई म्हणाल्या. "रविवार ना. सगळे घरी असतात." आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर बोलून झालं होतं.

"काका, डाव्या आरशावर एक डाग राहिलाय," लाँड्रीवाला म्हणाला. "मी पुसतो. वेळ लागेल. लागू दे."

तीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस पाच पावलांवर उभा होता. पण 'मी चालवू का' असं विचारणं म्हणजे ते वाक्यच बोलून दाखवणं होतं, आणि ते वाक्य कुणाच्या तोंडून निघू नये म्हणून गेले चार महिने अख्खी इमारत जिभेला गाठ मारून बसली होती.

काकांनी टॉवेल घेतला आणि समोरची काच आतून पुसू लागले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अकराला वीस मिनिटं होती. फोन वाजला. काकूंनी मागून हात लांब करून तो डॅशबोर्डवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बाबा, कागद झाले आमचे," मुलीचा आवाज आला. मागे बाळ रडत होतं. रडणं कसलं, मांजरीच्या पिल्लासारखं कुरकुरणं. "निघालात का? कुठपर्यंत आलात?"

काका पुसायचे थांबले.

"जागेवरच आहे," ते म्हणाले.

"काही झालं का? टॉवेल ओले आहेत का?"

"नाही. टॉवेल कोरडे आहेत. छान आहेत टॉवेल." काकांनी टॉवेल मांडीवर ठेवला. बाहेर लाँड्रीवाल्याचा हात आरशावरच थांबला. काकूंनी डोळे उघडले. "बाळा, मला गाडी चालवता येत नाही. परवाना आहे, पण येत नाही. ब्रेक मास्तर दाबायचे. मला फार भीती वाटते गं."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनासुद्धा काही सुचवावंसं वाटलं नाही. फोनमध्ये बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं.

"एवढंच ना?" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "मग सेक्रेटरीकाकांना बसवा पुढे. आणि तुम्ही मागे बसा, बाबा. हिला घट्ट धरायला कुणीतरी लागेलच की!"